‘सारखा जखमी होतो, काढून टाका’ : एका युक्तिवादाची तपासणी

विनिपेगला राहणारा माझा मावसभाऊ आइस हॉकीचं वेड घेऊन बसलाय. जून २०२३ मध्ये त्याचा फोन आला तेव्हा तो वैतागलेला होता. “आमच्या लोकांनी चांगला धडधाकट सेंटर देऊन टाकला आणि बदल्यात एक मोडका पोरगा घेतला,” असं म्हणाला. मला त्या खेळातलं तेव्हा फारसं कळत नव्हतं. पण ‘मोडका पोरगा’ हे शब्द कानात अडकले, कारण त्याच महिन्यात माझ्या स्वतःच्या प्रगती सादरीकरणात मी जवळजवळ हीच चूक करून बसले होते. ती कशी, ते शेवटी सांगते. आधी तो पोरगा.

तुम्ही पेट, नेट, सेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर तुम्हाला वाटेल की आइस हॉकीचा आपल्याशी काय संबंध. संबंध एवढाच की इथे एक युक्तिवाद फार स्वच्छ दिसतो. ‘हा खेळाडू सारखा जखमी होतो, पुढेही होणार, म्हणून आत्ताच देऊन टाका.’ वाक्य एकच, पण त्यात तीन वेगवेगळे दावे आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. आपल्या प्रबंधांत अशी वाक्यं पानोपानी असतात. म्हणून हा युक्तिवाद सुटा करून बघू.

प्रकरण काय आहे

गॅब्रिएल विलार्डी. जन्म १९९९, गाव किंग्स्टन, कॅनडातला ऑंटेरियो प्रांत. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस किंग्सने त्याला ११ व्या क्रमांकावर निवडलं. तो फॉरवर्ड, म्हणजे गोल करण्याची जबाबदारी असलेल्या फळीतला. निवड झाल्यावर लगेचच पाठीच्या दुखण्याने त्याला गाठलं. २०१८-१९ चा हंगाम तर जवळजवळ पूर्ण वाया गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो अखेर एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि बर्फावरच्या पहिल्याच फेरीत, पहिल्याच फटक्यावर त्याने गोल केला. २०२२-२३ मध्ये ६३ सामन्यांत २३ गोल आणि १८ गोलसाहाय्य, एकूण ४१ गुण. वय २३.

आणि त्याच उन्हाळ्यात, २७ जून २०२३ ला, किंग्सने त्याला विनिपेग जेट्सला दिलं. सोबत ॲलेक्स इयाफालो, रॅस्मुस कुपारी आणि २०२४ च्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवड. बदल्यात आला पिएर-लुक द्युब्वा. २५ वर्षांचा, अंगापिंडाने भक्कम सेंटर, २०२२-२३ मध्ये ७३ सामन्यांत ६३ गुण. किंग्सने त्याच्याशी ८ वर्षांचा करार केला, एकूण ६ कोटी ८० लाख डॉलरचा, म्हणजे वर्षाला सरासरी ८५ लाख.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. किंग्सने विलार्डीला दुखापतींमुळे दिलं, असं मी म्हणत नाही. त्यांना सेंटर हवा होता. कर्णधार आन्झे कोपिटार पस्तिशीचा होता आणि त्याच्या मागची फळी भरायची होती. तिकडे द्युब्वाला विनिपेगमध्ये दीर्घकाळ राहायचं नव्हतं, त्यामुळे जेट्सनाही व्यवहार करणं भाग होतं. पण सौद्याची चर्चा करणाऱ्यांच्या तोंडी, माझ्या भावासकट, एक वाक्य सतत होतं. विलार्डी गुणी आहे हो, पण टिकत नाही. मी तपासतेय ते हे वाक्य.

दावा पहिला : ‘तो सारखा जखमी होतो’

हा दावा मोजमापाचा आहे. मोजायचं कसं? सर्वांत सोपी पद्धत अशी. किंग्सने खेळलेले सामने घ्या, त्यांतले विलार्डीने किती खेळले ते बघा. २०१९-२० मध्ये ७० पैकी १०, २०२०-२१ मध्ये ५६ पैकी ५४, २०२१-२२ मध्ये ८२ पैकी २५, २०२२-२३ मध्ये ८२ पैकी ६३. बेरीज २९० पैकी १५२. म्हणजे ५२ टक्के. झालं, निम्माच खेळतो. भावाचं म्हणणं सिद्ध!

थांबा. २०२१-२२ मध्ये तो २५ च सामने का खेळला? त्या हंगामात किंग्सने त्याला खालच्या लीगमधल्या त्यांच्या ऑंटेरियो रेन संघात पाठवलं होतं. बराचसा काळ तो तिथे खेळत होता. खेळत होता, जखमी पडून नव्हता. २०१९-२० च्या १० सामन्यांचंही तेच. तो फेब्रुवारीत वर आला आणि मार्चमध्ये कोविडमुळे अख्खी लीगच थांबली. म्हणजे ‘न खेळलेला सामना’ या एका रकान्यात पाठदुखी, प्रशिक्षकाचा निर्णय आणि जागतिक साथ या तिन्ही गोष्टी एकत्र बसल्यात.

मग ती दोन वर्षं वगळा. २०२०-२१ आणि २०२२-२३ एवढीच धरा. १३८ पैकी ११७ सामने. ८५ टक्के! आता तो अगदीच ठणठणीत वाटायला लागतो.

पण हाही आकडा प्रामाणिक नाही. कारण पाठीने वाया घालवलेला २०१८-१९ चा हंगाम या हिशेबात येतच नाही. तेव्हा तो एनएचएलमध्ये पोचलाच नव्हता. सर्वांत वाईट वर्ष गाळलं की सरासरी सुंदर दिसणारच.

बघा, माणूस तोच, नोंदवही तीच, आणि उत्तर ५२ पासून ८५ पर्यंत कुठेही. फरक फक्त छेद काय धरला आणि ‘गैरहजर’ची व्याख्या काय केली याचा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘चल आणि त्यांच्या व्याख्या’ असा जो कंटाळवाणा भाग असतो ना, ज्यात आपण जुन्या प्रबंधातली वाक्यं फिरवून टाकतो, तिथेच अर्धं उत्तर ठरून जातं.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते. विनिपेगमध्ये पहिल्या दोन हंगामांत तो १६४ पैकी ११८ सामने खेळला. ७२ टक्के. ना ५२, ना ८५. दोन्ही बाजूंचे वकील थोडे थोडे चुकले.

दावा दुसरा : ‘म्हणून पुढेही होणार’

हा दावा कार्यकारणाचा आहे आणि खरी गंमत इथे आहे. हा प्रश्न खेळातून नाही, कारखान्यातून आला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया काम करत होत्या. त्यांच्या अपघातांच्या नोंदींवर मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक तक्ता आजही शिकवला जातो. तोफगोळ्यांच्या कामावरच्या ६४७ स्त्रिया, कालावधी पाच आठवडे. ४४७ जणींना एकही अपघात नाही. १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच किंवा जास्त.

आता समजा, सगळ्या जणी सारख्याच होत्या आणि अपघात निव्वळ योगायोगाने होत होते. मग काय दिसायला हवं होतं? सरासरी दर बाईमागे ०.४६५ अपघात. पॉयसाँ वितरणाने हिशेब केला तर शून्य अपघातवाल्या ४०६, एक अपघातवाल्या १८९, दोनवाल्या ४४, तीनवाल्या ७, चारवाली एक. प्रत्यक्षात मात्र शून्यवाल्या जास्त निघाल्या आणि तीन किंवा जास्तवाल्या तर तिपटीहून अधिक.

म्हणजे निव्वळ योगायोग नाही, एवढं नक्की. मग काय? ग्रीनवुड आणि यूल यांनी दोन पर्याय विचारात घेतले. एक, काही जणी मुळातच जास्त जोखमीच्या. दोन, सगळ्या सुरुवातीला सारख्या, पण एक अपघात झाला की पुढच्याची शक्यता बदलते. हात दुखावला, धास्ती बसली, की पुन्हा चूक. पहिला पर्याय धरून त्यांनी जे सूत्र बसवलं, ज्याला आपण ऋण द्विपद वितरण म्हणतो, ते आकड्यांशी छान जुळलं. पुढे १९२६ मध्ये फार्मर आणि चेंबर्स यांनी ‘अपघातप्रवण’ ही संकल्पना रूढ केली आणि ती व्यवस्थापकांना फारच आवडली. आवडणारच. दोष यंत्राचा नाही, माणसाचा, असं शास्त्रच म्हणतंय म्हटल्यावर!

पण गोम अशी की १९२३ मध्येच एगेनबर्गर आणि पोल्या यांनी दाखवलं होतं की दुसऱ्या पर्यायातूनही, म्हणजे ‘एका घटनेने पुढची ओढवते’ या गृहीतकातूनही, नेमकं तेच वितरण निघू शकतं. म्हणजे नुसत्या ‘कोणाला किती वेळा’ या आकड्यांवरून ‘मुळातला कमकुवत’ आणि ‘एकदा मोडल्यामुळे कमकुवत’ यांत फरक करताच येत नाही. आकडे कितीही सुंदर जुळोत. फरक करायचा तर वेगळी माहिती लागते. कोणती दुखापत आधी, कोणती नंतर, मध्ये किती अंतर, शरीराचा कोणता भाग, काम काय होतं.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा : सूत्र आकड्यांशी जुळलं म्हणजे त्यामागची गोष्ट सिद्ध झाली असं नाही.

आणि योगायोगालाही कमी लेखू नका. एक छोटा हिशेब करू. आकडे माझे, काल्पनिक. समजा प्रत्येक फॉरवर्डला मोठी दुखापत होण्याचा दर सारखाच आहे, दोन हंगामांत एक. तीन हंगामांत सरासरी दीड. एखाद्याला तीन हंगामांत चार किंवा जास्त दुखापती होण्याची शक्यता पॉयसाँने सुमारे ६.६ टक्के येते. किरकोळ वाटते ना? पण एका सामन्यात एका संघाचे साधारण १२ फॉरवर्ड उतरतात. त्या बारांत निदान एक तरी असा निघण्याची शक्यता ५६ टक्के! म्हणजे सगळे अगदी सारखे असले तरी निम्म्याहून जास्त संघांत एक ‘मोडका पोरगा’ असणारच. आणि आपण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणणार, बघा, याचं शरीरच तसलं.

आता विलार्डीकडे परत येऊ. त्याच्या दुखण्यांची जात बघा. सुरुवातीला पाठ. ते जुनाट दुखणं, पुन्हा उलटू शकणारं. ही खरी चिंता, आणि ती करणारे मूर्ख नव्हते. विनिपेगला गेल्यावर पहिल्याच महिन्यात, तेही जुन्या संघाविरुद्धच्या सामन्यात, त्याचा गुडघा दुखावला. प्रतिस्पर्धी खेळाडू पायावर पडला होता. पुढे त्याच हंगामात प्लीहा सुजल्याचं निदान झालं, म्हणजे तो आजार, दुखापत नव्हे. पाठ, गुडघा, प्लीहा. तीन गोष्टी, तीन कारणं. ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असा भावाचा मेसेज मला तेव्हा आला होता. पण दुसऱ्याच्या वजनाखाली सापडलेला गुडघा हा पाठीच्या जुन्या दुखण्याचा पुरावा कसा काय होतो? मोजताना आपण तिन्ही एका खात्यावर जमा करतो, आणि मग त्या खात्याला ‘स्वभाव’ असं नाव देतो.

याची उलट बाजूही आहे, ती झाकत नाही. एकदा झालेली दुखापत त्याच जागी पुन्हा होण्याची शक्यता वाढवते, हे क्रीडावैद्यकात चांगलं प्रस्थापित आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंची दुखापत हे ठळक उदाहरण. त्यामुळे ‘दुखापतप्रवण असं काही नसतंच’ हे टोकही चूकच. प्रश्न एवढाच विचारायचा : याच्या बाबतीत दुखापती एकाच धाग्यातल्या आहेत की सुट्या?

त्यातही तो धागा उपचाराने तुटू शकतो. जॅक आयकेल आठवतो का? बफेलो सेबर्सचा कर्णधार. मार्च २०२१ मध्ये मानेतली चकती सरकली. संघाच्या डॉक्टरांना मणके जोडायची शस्त्रक्रिया हवी होती, त्याला कृत्रिम चकती बसवून घ्यायची होती. खेळाडूंच्या सामूहिक करारानुसार शेवटचा शब्द संघाचा. महिनोन्‌महिने भांडण चाललं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये बफेलोने त्याला व्हेगासला देऊन टाकलं. व्हेगासने त्याला हवी ती शस्त्रक्रिया करू दिली. जून २०२३ मध्ये व्हेगासने स्टॅन्ले कप जिंकला, आणि त्या प्लेऑफमध्ये सर्वाधिक गुण, २६, आयकेलचे होते. एका उदाहरणावरून नियम काढायचा नसतो, मीही काढत नाही. पण ‘मान गेलेला खेळाडू’ ही त्याची कायमची ओळख नव्हती, एवढं तरी दिसतं.

दावा तिसरा : ‘म्हणून देऊन टाका’

समजा पहिले दोन दावे मान्य केले. तो वारंवार जखमी होतो आणि होत राहणार. तरीही ‘म्हणून देऊन टाका’ हे आपोआप येत नाही. हा दावा तुलनेचा आहे. देऊन टाकायचं तर बदल्यात काय मिळतंय?

२०२३-२४ चा हंगाम घ्या. द्युब्वा सगळे ८२ सामने खेळला. एकही चुकवला नाही. गुण ४०. विलार्डी ४७ सामने खेळला, गुण ३६. एकूण बेरीज बघितली तर द्युब्वा पुढे. सामन्यामागे बघितलं तर विलार्डी खूप पुढे. कोणतं मोजमाप बरोबर?

खरं सांगायचं तर दोन्ही अपुरी. कारण विलार्डी नसलेल्या ३५ सामन्यांत विनिपेग एक माणूस कमी घेऊन खेळलं नाही. त्याच्या जागी कोणीतरी उतरलंच. तो बदली खेळाडू अगदी सुमार धरा, पाच सामन्यांत एक गुण मिळवणारा. ३५ सामन्यांत ७ गुण. म्हणजे ‘विलार्डी अधिक त्याचा बदली’ या जागेचे ४३ गुण आणि द्युब्वाच्या जागेचे ४०. पाचला एक हे माझं गृहीतक आहे, तुम्ही बदलून बघा. पण मुद्दा गृहीतकाच्या आकड्याचा नाही. गैरहजेरीची किंमत शून्याशी तुलना करून काढायची नसते, त्या जागी येणाऱ्याशी तुलना करून काढायची असते. संशोधनात आपण ज्याला तुलना गट म्हणतो तो हाच. तुलना गट चुकला की पुढची सगळी गणितं बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

वर पैशाचा हिशेब. एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारावर मर्यादा असते. २०२३-२४ मध्ये ती ८ कोटी ३५ लाख डॉलर होती. विलार्डीने विनिपेगशी दोन वर्षांचा करार केला, वर्षाला सरासरी ३४ लाख ३७ हजार ५०० डॉलर. द्युब्वाचे ८५ लाख. फरक पन्नास लाखांचा, आणि मर्यादेखाली त्या पन्नास लाखांत आणखी एक बरा खेळाडू येतो. विलार्डी स्वस्त का होता? कारण त्याच्या दुखापतींची भीती त्याच्या किमतीत आधीच वजा झाली होती. हे महत्त्वाचं. ज्या जोखमीची सूट बाजाराने आधीच दिली आहे, तीच जोखीम पुन्हा कारण म्हणून सांगणं म्हणजे एकाच बिलावर दोनदा सवलत मागणं.

आणि इथे जोखमीच्या आकाराचाही विचार करा. दुखापतीची भीती असलेला माणूस दोन वर्षांसाठी, आणि धडधाकट माणूस आठ वर्षांसाठी. यात मोठी पैज कोणती? लोकांना पाठीची जोखीम दिसते, कारण ती नजरेत भरते. कराराच्या लांबीची जोखीम कागदावर असते, म्हणून ती कोणी लंगडताना बघत नाही.

घड्याळ कुठे थांबवायचं?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे किंग्स चुकले, संपला विषय. थांबा, अजून एक सापळा आहे.

जून २०२४. द्युब्वाचा लॉस एंजेलिसमधला हंगाम फिका गेला, किंग्स पहिल्याच फेरीत एडमंटनकडून हरले आणि वर्षभरातच त्यांनी त्याला वॉशिंग्टनला देऊन गोलरक्षक डार्सी केम्पर घेतला. त्या दिवशी घड्याळ थांबवलं तर हा सौदा फसलेला दिसतो. पण २०२४-२५ मध्ये द्युब्वाने वॉशिंग्टनकडून ६६ गुण मिळवले, कारकिर्दीतले सर्वोत्तम. म्हणजे तो खेळाडू वाईट नव्हता. आणि केम्पर त्याच हंगामात सर्वोत्तम गोलरक्षकाच्या वेझिना ट्रॉफीसाठीच्या अंतिम तिघांत पोचला. म्हणजे किंग्सच्या हातात शेवटी काहीच राहिलं नाही, असंही नाही. तिकडे विलार्डी ७१ सामन्यांत २७ गोल, ६१ गुण. विनिपेगने साखळीत सर्वाधिक गुण मिळवून प्रेसिडेंट्स ट्रॉफी जिंकली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला सहा वर्षांचा करार दिला, वर्षाला ७५ लाख.

पाठपुराव्याचा कालावधी बदला, निष्कर्ष बदलतो. म्हणून तो कालावधी निकाल बघण्याआधी ठरवायचा असतो. आणि दुसरं, निर्णयाचं मूल्यमापन निकालावरून करायचं नसतं, निर्णय घेताना जे माहीत होतं त्यावरून करायचं असतं. गुडघ्यावर कोणी पडणार हे जून २०२३ मध्ये कोणालाच माहीत नव्हतं. ते न घडता विलार्डी ८० सामने खेळला असता, तरी भावाचा युक्तिवाद तेवढाच कच्चा राहिला असता. आणि समजा त्याची पाठच पुन्हा गेली असती, तरी तो युक्तिवाद त्यामुळे पक्का झाला नसता.

मग माझं मत काय? जून २०२३ च्या माहितीवर, विलार्डीला देण्याचं ‘सेंटर हवा’ हे कारण समजण्यासारखं होतं. त्यासाठी मोजलेली किंमत, विशेषतः आठ वर्षं, जड होती. आणि ‘तो टिकत नाही’ हे कारण म्हणून उभं राहत नाही. तरुण, दुखापतग्रस्त फॉरवर्डला कधी द्यावं? एकाच जागेची दुखापत पुन्हा पुन्हा उलटत असेल, उपचाराचा रस्ता संपला असेल आणि समोरचा तरीही पूर्ण किंमत द्यायला तयार असेल तेव्हा. तिन्ही अटी एकदम जुळणं विरळाच. कारण ज्याचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे त्याची पूर्ण किंमत कोण देईल? बहुतेकदा शहाणपण असतं ते छोटा करार करून थांबण्यात. विनिपेगने नेमकं तेच केलं.

आता माझी चूक

माझा विषय छोट्या आणि मध्यम कारखान्यांतल्या वारंवार होणाऱ्या अपघातांचा. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याने अपघात नोंदवही बघायला दिली. मी उत्साहात एक रकाना केला : ‘अपघातप्रवण कामगार : होय / नाही’. तीन किंवा जास्त नोंदी असतील तर होय. मग या होयवाल्यांचं वय, शिक्षण, अनुभव यांचे संबंध काढले. तक्ते छान आले. सादरीकरणात मॅडमनी एकच प्रश्न विचारला. “हे सगळे एकाच यंत्रावर होते का गं?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

परत गेले. जुन्या नोंदींत यंत्राचा क्रमांक नव्हताच, फक्त विभाग आणि पाळी होती. तेवढ्यावरूनही दिसलं की माझ्या ‘होय’वाल्यांपैकी बहुतेक जण प्रेस शॉपचे, आणि त्यांतले बरेचसे रात्रपाळीचे. जिथे बोटं जातात ती जागा. मी माणसांचा स्वभाव म्हणून जे मोजत होते, ते बहुधा जागेचं होतं. मुळातला कमकुवत, की एकदा मोडल्यामुळे कमकुवत, की ज्या जागेवर उभा केलाय ती जागाच तशी, हा तिसरा प्रश्न तर माझ्या मनातच आला नव्हता.

आणि खरी धडकी भरवणारी गोष्ट वेगळीच होती. पहिल्या भेटीत तिथल्या एका साहेबांनी मला अगदी सहज म्हटलं होतं, “मॅडम, त्या तीन-तीन वेळावाल्यांची नावं काढली की आम्हालाही द्या. कंत्राटदाराला सांगतो, बदलून टाकेल.” संमतीपत्रात नावं न देण्याचं कबूल केलं होतं म्हणून मी यादी दिली नाही. नियम पाळला म्हणून वाचले, समजलं होतं म्हणून नव्हे. यादी दिली असती तर काही माणसांची रोजी गेली असती, यंत्राला जाळी बसली नसती, आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या नव्या माणसांची नावं दोन वर्षांनी कोणीतरी अशाच रकान्यात भरली असती.

विलार्डीला दिलं तर तो दुसऱ्या शहरात जाऊन लाखो डॉलर कमावतो. प्रेस शॉपमधल्या माणसाला ‘बदलून टाकलं’ तर तो माझ्या नोंदवहीतूनही नाहीसा होतो.

म्हणून तुमच्या आराखड्यात ‘प्रवण’, ‘कमकुवत’, ‘गळतीची शक्यता असलेला विद्यार्थी’, ‘थकबाकीदार वृत्तीचा शेतकरी’ असा कोणताही शब्द आला, की तिथे पेन खाली ठेवा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा. मी नेमकं काय मोजलं, आणि छेदात कोण आहे? हेच आकडे योगायोगाने, आधीच्या घटनेमुळे किंवा जागेमुळेही आले असते का? तुलना कोणाशी करतेय? आणि ही यादी उद्या कोणी मागितली, तर तिचं काय होईल?

चौथा प्रश्न पद्धतीशास्त्राच्या पुस्तकात सहसा नसतो. सिनॉप्सिस लिहिताना तो मी आता पहिला विचारते.

भावाने काल विलार्डीच्या नव्या कराराची बातमी पुन्हा पाठवली, खाली लिहिलं होतं, “आपला पोरगा!” मी त्याला फक्त ग्रीनवुड आणि यूल यांचा तो तक्ता पाठवून दिला. अजून उत्तर आलेलं नाही.